मोजमाप कोणाचे, धोरण कोणाचे?

(‘आंतरराष्ट्रीय पर्यावरण संघटना आणि राष्ट्रीय धोरण’ या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



१९९० साली वॉशिंग्टनमधील वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेने एक जाडजूड अहवाल प्रसिद्ध केला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दोन यंत्रणांचे सहकार्य त्याला लाभले होते. पृथ्वीचे तापमान वाढवण्यास कोणता देश किती जबाबदार आहे, याची क्रमवारी त्या अहवालात होती. अमेरिका, सोव्हिएत संघ, ब्राझील, चीन आणि त्यापाठोपाठ पाचव्या स्थानावर भारत! ज्या देशातील कोट्यवधी घरांत तेव्हा विजेचा दिवाही पोहोचला नव्हता, जिथे चूल गोवऱ्या-काटक्यांवर पेटत होती आणि शेत बैलांनी नांगरले जात होते, तो देश जगाच्या पाच मोठ्या अपराध्यांच्या पंक्तीत बसवला गेला. भारतावरील आरोपात एक मोठा वाटा दोन गोष्टींचा होता: आपली भातखाचरे आणि आपली गुरे.

हा अहवाल काढणारी संस्था कोणत्याही देशाचे सरकार नव्हती. तिच्याकडे सैन्य नव्हते, कायदा करण्याचा अधिकार नव्हता. तिच्याकडे होता तो आकडा. तो जगाच्या बैठकांत फिरू लागला आणि त्याच्या आधारे कोणत्या देशाने काय करावे, याची चर्चा सुरू झाली. आंतरराष्ट्रीय पर्यावरण संघटनांचा प्रभाव राष्ट्रीय सरकारांच्या धोरणावर पडतो, तो नेमका कसा, हे या एका उदाहरणातून स्पष्ट होते. ‘परकीय हात’ असे दोन शब्द उच्चारून हा विषय संपत नाही. तो हात आत कोठून येतो, दार कोणी उघडे ठेवलेले असते आणि ते कसे लावायचे, याचा विचार करण्यासाठी काही उदाहरणे तपशिलात पाहणे अगत्याचे आहे.

प्रभावाचे चार मार्ग

निसर्गरक्षणासाठी स्थापन झालेल्या बहुतेक मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातील आहेत. निसर्ग-संवर्धनाचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजे आययूसीएन, १९४८ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूएफ १९६१ मध्ये, ग्रीनपीस १९७१ मध्ये. या संघटनांचे स्वरूप आणि काम करण्याची पद्धत एकमेकींपेक्षा भिन्न आहे. तथापि सरकारी धोरणापर्यंत पोहोचण्याचे त्यांचे मार्ग ढोबळमानाने चार आहेत. पहिला आकड्यांचा आणि अहवालांचा, दुसरा पैशाचा, तिसरा न्यायालयांचा व व्यापारी निर्बंधांचा आणि चौथा जनमताचा. बहुतेक वेळा हे मार्ग एकमेकांना मिळालेले असतात.

हा प्रभाव प्रत्येक वेळी राष्ट्रहिताच्या विरोधातच असतो, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होणार नाही. १९६९ साली आययूसीएनची महासभा नवी दिल्लीत भरली. वाघाचे अस्तित्व धोक्यात असल्याचा इशारा तेथे दिला गेला आणि पुढच्याच वर्षी आपल्या देशात वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला. डब्ल्यूडब्ल्यूएफने वाघासाठी निधी उभा करण्याचे आश्वासन दिले. १९७३ च्या एप्रिलमध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत आपले मेळघाट होते. इशारा बाहेरून आला, मात्र कायदा आपल्या संसदेने केला, योजना आपल्या अधिकाऱ्यांनी आखली आणि जंगलात पहारा आपल्या वनरक्षकांनी दिला. त्यासाठी ज्यांना गावे सोडावी लागली, ते वनवासीही आपलेच होते. वाघ आज आहे, याचे मोठे श्रेय या सर्वांना आहे. बाहेरच्या सूचनेचे रूपांतर स्वतःच्या धोरणात करण्याचा विवेक जागा असेल, तर अशा सूचनेचे भय बाळगण्याचे कारण नाही.

अडचण निर्माण होते, ती आपल्याकडे स्वतःचे उत्तर तयार नसते तेव्हा.

भातखाचरातील वायू

पुन्हा १९९० च्या अहवालाकडे वळू. त्याला पहिले सडेतोड उत्तर कोणत्याही मंत्रालयाने दिले नाही. ते दिले दिल्लीतील सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी. १९९१ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या हिशेबाला ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ म्हटले होते. हे दोघेही पर्यावरणाच्या चळवळीतील होते, उद्योगांचे वकील नव्हते. त्यामुळेच त्यांच्या युक्तिवादाला वजन आले.

त्यांचा मुद्दा सोपा होता. समुद्र, वने आणि माती दरवर्षी मानवाने सोडलेल्या वायूंचा मोठा भाग शोषून घेतात. ही शोषणक्षमता कोणा एका देशाची मालमत्ता नाही. ती सर्व मानवजातीची आहे. वॉशिंग्टनच्या संस्थेने मात्र ती वाटताना ज्याचे प्रदूषण जास्त, त्याला सवलतही जास्त, असा हिशेब मांडला होता. गावचे गायरान सर्वांचे असते. ज्याच्या दावणीला सर्वांत जास्त जनावरे, त्याचाच गायरानावर सर्वांत मोठा हक्क, असे कोणी ठरवले तर ग्रामसभा ते मान्य करील काय? अग्रवाल-नारायण यांनी मागणी केली की, ही क्षमता लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावी. जगाच्या लोकसंख्येत भारताचा वाटा तेव्हा सुमारे १६ टक्के होता. तसा हिशेब केला की, पाचव्या क्रमांकाचा आरोपी आपल्या वाट्यापेक्षा कमी वापर करणारा ठरतो.

दुसरा मुद्दा नैतिक होता. पोट भरण्यासाठी भात पिकवणाऱ्या शेतकऱ्याच्या खाचरातून निघणारा वायू आणि चैनीसाठी उडवलेल्या मोटारींचा धूर एकाच तराजूत कसा तोलायचा? जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन हा भेद त्यांनी जगापुढे ठेवला.

युक्तिवाद झाला, पण युक्तिवादाने आकडा खोडला जात नाही. त्यासाठी दुसरा आकडा लागतो. तो मिळवण्याचे काम नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने हाती घेतले. वातावरणशास्त्रज्ञ डॉ. ए. पी. मित्रा यांच्या मार्गदर्शनाखाली १९९१ मध्ये देशभर एक मोहीम राबवली गेली. तिची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. पाणी साचलेल्या, हवा न खेळणाऱ्या चिखलात सेंद्रिय पदार्थ कुजताना सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. भाताच्या रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक वेळाने सुईने आतील हवेचा नमुना घ्यायचा आणि प्रयोगशाळेत त्यातील मिथेन मोजायचा. काम साधे वाटते, परंतु ते वेगवेगळ्या प्रांतांत, वेगवेगळ्या जमिनींवर, पिकाच्या लावणीपासून कापणीपर्यंत करावे लागते. शास्त्रज्ञ आणि संशोधक विद्यार्थी गुडघाभर चिखलात उभे राहून हे करत होते.

निष्कर्ष काय निघाला? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेच्या अंदाजानुसार भारतीय भातशेतीतून वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख टन मिथेन बाहेर पडत होता. प्रत्यक्ष मोजणीनंतर आलेला आकडा होता सुमारे ४० लाख टन. म्हणजे मूळ अंदाज नऊपटींनी फुगलेला होता!

यात कोणी कट रचला, असे मानण्याचे कारण नाही. चूक पद्धतीत होती. युरोप-अमेरिकेतील शेतांवर झालेली मोजमापे भारताच्या एकूण भातक्षेत्राला गुणून आकडा काढला गेला होता. तिकडचे शेत पूर्ण हंगाम पाण्याखाली असते, मातीत सेंद्रिय अंश भरपूर असतो. आपल्याकडील भाताचे मोठे क्षेत्र पावसावर अवलंबून. कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. चिखलणी करून लावणी होते, मग पाऊस ओढ देतो, खाचर सुकते, पुन्हा भरते. जमीन सुकली की तिच्यात हवा शिरते आणि मिथेन तयार होणे थांबते. कोणत्याही शेतकऱ्याच्या बांधावर दिसणारी ही गोष्ट वॉशिंग्टनच्या टेबलावर दिसत नव्हती. ती दाखवून देणे हे दिल्लीचे काम होते आणि ते दिल्लीने केले.

त्याचा परिणाम दूरगामी झाला. १९९२ च्या रिओ परिषदेत हवामानविषयक करार स्वाक्षरीसाठी खुला झाला, तेव्हा ‘समान परंतु भिन्न जबाबदारी’ हे तत्त्व त्यात समाविष्ट झाले. १९९७ च्या क्योटो करारात विकसनशील देशांवर उत्सर्जन घटवण्याचे बंधन आले नाही. भारताने २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला आपला पहिला अधिकृत हवामान अहवाल दिला, त्यातही भातशेतीच्या मिथेनचा आकडा ४० लाख टनांच्या आसपासच होता. २०२१ साली ग्लासगो येथे मिथेन ३० टक्क्यांनी घटवण्याची जागतिक प्रतिज्ञा मांडली गेली, तेव्हा भारताने तिच्यावर स्वाक्षरी केली नाही. भातशेती आणि पशुधन हा आपल्या अल्पभूधारक शेतकऱ्याच्या जगण्याचा आधार आहे, ही त्यामागची भूमिका होती. १९९१ मध्ये चिखलात ठेवलेल्या त्या पेट्यांचे बळ या भूमिकेमागे उभे आहे.

नर्मदेचा धडा

दुसरे उदाहरण अधिक कटू आहे आणि ते महाराष्ट्राच्या सीमेवरचे आहे.

सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचे साहाय्य मंजूर केले. कच्छ-सौराष्ट्राच्या तहानलेल्या भूमीला पाणी आणि महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात यांना वीज, असे त्याचे उद्दिष्ट होते. प्रकल्पाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नव्हते. परंतु त्या पाण्याखाली महाराष्ट्रातील अक्राणी-अक्कलकुवा भागातील ३३ गावे येत होती. त्या गावांतील वनवासी बांधवांचे पुढे काय, हा प्रश्न होता.

नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्येच बाधितांना जमिनीच्या बदल्यात जमीन देण्याचा आणि बुडितापूर्वी पुनर्वसन करण्याचा निवाडा दिला होता. पर्यावरण मंत्रालयाने १९८७ मध्ये मंजुरी दिली ती सशर्त. अनेक अभ्यास पूर्ण व्हायचे होते, ते बांधकामाबरोबर पूर्ण करावेत, अशी अट होती. बांधकाम पुढे गेले, अभ्यास मागे राहिले. डोंगरातल्या पाड्यांवर कोणाच्या नावे किती जमीन कसली जाते, याची नोंद सरकारी दप्तरात धड नव्हती.

या रिकाम्या जागेत आंतरराष्ट्रीय संघटना शिरल्या. अमेरिकेच्या एन्व्हायर्न्मेंटल डिफेन्स फंड या संस्थेने विषय हाती घेतला. १९८९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली आणि नर्मदा बचाओ आंदोलनाच्या नेत्या मेधा पाटकर यांनी तेथे साक्ष दिली. भारतातील एका धरणाचा प्रश्न अमेरिकन संसदेत का जावा, असा सवाल तेव्हा अनेकांनी केला. सवाल रास्त होता. पण जागतिक बँकेत सर्वांत मोठा भागधारक अमेरिका आणि बँकेला पैसा देणारी ती संसद. कर्ज जिथून घेतले, तिथे हिशेब मागितला जाणारच. १९९० मध्ये जपाननेही तेथील पर्यावरणवाद्यांच्या दबावानंतर या प्रकल्पाचे पुढील अर्थसाहाय्य थांबवले.

अखेर बँकेने ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. आपल्याच प्रकल्पाची अशी चौकशी बँकेने त्यापूर्वी कधी केली नव्हती. १९९२ च्या जूनमध्ये समितीने अहवाल दिला की, पुनर्वसन व पर्यावरण यांचे मूल्यमापन पुरेसे झालेले नाही आणि बँकेने प्रकल्पापासून मागे सरावे. १९९३ च्या मार्चमध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज घेणार नसल्याचे कळवले. त्याच वर्षी बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी कायमस्वरूपी तपासणी मंडळ स्थापन केले. जगभरच्या प्रकल्पांना लागू झालेली ही व्यवस्था नर्मदेच्या वादातून जन्माला आली.

धरण थांबले काय? नाही. कर्ज नाकारल्यावर ते स्वदेशी पैशाने उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उंची रोखली. १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताच्या निकालाने टप्प्याटप्प्याने बांधकामास परवानगी दिली आणि प्रत्येक टप्पा पुनर्वसनाशी जोडला. २०१७ मध्ये १३८.६८ मीटर उंचीचे धरण राष्ट्राला अर्पण झाले.

या साऱ्या घटनाक्रमाकडे अभिनिवेश बाजूला ठेवून पाहिले, तर दोन गोष्टी दिसतात. परकीय संस्था राष्ट्राच्या इच्छेला कायमची रोखू शकत नाही, ही पहिली. दुसरी मात्र अंतर्मुख करणारी आहे. मणिबेलीच्या वनवासी बांधवाची जमीन किती, हे सांगण्यासाठी परदेशातील समिती यावी लागली, याचा दोष त्या समितीला देता येत नाही. आपल्या लवादाचा निवाडा आपल्याच यंत्रणेने वेळेत पाळला असता, तर त्या बांधवाला वॉशिंग्टनकडे पाहण्याची वेळ आली नसती. घरातल्याचे गाऱ्हाणे घरात ऐकले गेले नाही की, ते शेजारच्या ओसरीवर जाते. मग शेजारी त्याचा उपयोग आपल्या सोयीने करतो.

कोळंबी, कासव आणि अमेरिकन न्यायालय

तिसरे उदाहरण समुद्रावरचे. कोळंबीसाठी ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात सागरी कासवे अडकून गुदमरतात, ही गोष्ट खरी आहे. कासवाला बाहेर पडता यावे म्हणून जाळ्यात विशिष्ट साधन बसवावे, अन्यथा त्या देशाची कोळंबी घेऊ नये, असा कायदा अमेरिकेने १९८९ मध्ये केला. प्रारंभी त्याची अंमलबजावणी कॅरिबियन परिसरापुरती मर्यादित होती. कॅलिफोर्नियातील अर्थ आयलंड इन्स्टिट्यूट ही संस्था अमेरिकन व्यापार न्यायालयात गेली आणि १९९५ च्या अखेरीस तिने निकाल मिळवला की, हा कायदा साऱ्या जगाला लागू करावा. १ मे १९९६ पासून भारताच्या कोळंबीवर त्याचा घाला आला. एका संघटनेने एका परदेशी न्यायालयात दावा जिंकला आणि हिंदी महासागरातील कोळ्याने कोणते जाळे वापरावे, हे ठरू लागले.

भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड यांनी जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये अपील मंडळाने निर्णय दिला. कासव वाचवण्याचा हेतू वैध आहे, परंतु अमेरिकेने तो राबवताना भेदभाव केला. कॅरिबियन देशांना तीन वर्षांची सवड आणि तांत्रिक साहाय्य दिले, आशियाई देशांना मात्र अवघे चार महिने, असे मंडळाने नोंदवले. भारताचा हा विजय होता. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट होती. अशा तंट्यांत स्वयंसेवी संस्थांनी परस्पर पाठवलेली निवेदने विचारात घेण्याचा अधिकार मंडळाने मान्य केला. सरकारांमधील न्यायपीठात संघटनांना बसायला जागा मिळाली. भारताने याला विरोध केला होता.

पुढे कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना आणि आपल्या मासळीला मानवेल असे कासव-बचाव साधन विकसित केले. साधन तयार झाले, परंतु ते बोटीबोटींवर पोहोचवण्यात आपण कमी पडलो. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. खटला जिंकूनही बाजार हातचा गेला, तो अंमलबजावणीतील या शैथिल्यामुळे.

याच कासवांचे दुसरे चित्र रत्नागिरी जिल्ह्यात पाहायला मिळते. मंडणगड तालुक्यातील वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांना बरोबर घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी उकरून नेली जात. आता गावकरी पहाटे किनारा धुंडाळतात, घरटी सुरक्षित कुंपणात हलवतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात. ती पाहायला पुण्या-मुंबईची कुटुंबे जातात आणि गावातल्याच घरी उतरतात. हे काम कोणत्याही परदेशी न्यायालयाच्या हुकमाने झालेले नाही.

चुकलेले साल

प्रतिष्ठित संस्थाही चुकतात, हे २००७ च्या आंतरराष्ट्रीय हवामान अहवालाने दाखवले. हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान त्यात आले. त्याचा आधार होता डब्ल्यूडब्ल्यूएफचा २००५ मधील अहवाल आणि त्या अहवालाचा आधार होता एका विज्ञान साप्ताहिकातील १९९९ चे वृत्त. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे निवृत्त अधिकारी व्ही. के. रैना यांनी २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, आपल्या क्षेत्रातील दीर्घ अनुभवाच्या आधारे, निराळे चित्र मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा आंतरराष्ट्रीय मंडळाच्या अध्यक्षांनी त्याची संभावना भोंदू विज्ञान म्हणून केली. जानेवारी २०१० मध्ये त्याच मंडळाला २०३५ च्या विधानाबद्दल जाहीर खेद व्यक्त करावा लागला.

यातून हिमनद्या सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. त्या वितळत आहेत, मागे सरत आहेत, आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांना त्याची चिंता असलीच पाहिजे. साल चुकले म्हणून संकट खोटे ठरत नाही. प्रश्न इतकाच की, हिमालय आपला असताना त्याच्या प्रकृतीचे निदान करण्यासाठी आपल्या हाती पुरेशी मोजमापे का नसावीत? या वादानंतर हिमनद्यांच्या अभ्यासाला देशात चालना मिळाली. ती वादाआधी मिळायला हवी होती.

केवळ बंदी पुरेशी आहे काय?

परदेशी निधी घेणाऱ्या संघटनांवर नियंत्रण असावे, याबद्दल दुमत नाही. परकीय देणग्यांविषयीचा पहिला कायदा १९७६ चा. २०१० मध्ये तो नव्याने झाला, २०२० मध्ये अधिक कडक झाला. २०१४ साली गुप्तवार्ता विभागाच्या एका अहवालाची मोठी चर्चा झाली. कोळसा, अणुऊर्जा आणि जनुकीय बियाणे या क्षेत्रांतील आंदोलनांमागे परदेशी पैसा असून त्याने विकासदरावर परिणाम होतो, असे त्यात म्हटले होते. २०१५ मध्ये ग्रीनपीस इंडियाची परकीय देणग्यांसाठीची नोंदणी रद्द झाली.

त्याच वर्षाची दुसरी बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने या संस्थेची अडवलेली रक्कम मोकळी करण्याचा आदेश दिला आणि मार्चमध्ये तिच्या एका कार्यकर्तीला परदेशी जाण्यापासून रोखणारी नोटीस रद्द केली. सरकारच्या धोरणाशी मतभेद असणे हा देशद्रोह नव्हे, हे लोकशाहीतले साधे तत्त्व आहे. पैशाचा उगम तपासावा, हिशेब काटेकोर मागावा आणि कायदा मोडला तर कारवाई करावी. पण एखाद्या गावची नदी काळी झाली असेल, तर ती काळी आहे असे सांगणाऱ्याचे खाते बंद केल्याने ती निर्मळ होत नाही.

शिवाय परदेशी संघटनेचे हित आणि राष्ट्रहित कधी कधी एकाच दिशेनेही जाते. २००५ च्या अखेरीस फ्रान्सची ‘क्लेमान्सो’ ही जुनी विमानवाहू नौका अॅस्बेस्टॉससह गुजरातमधील अलंग येथे तोडण्यासाठी निघाली. ग्रीनपीसने त्याविरुद्ध रान उठवले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने नौकेला आत येण्यास मनाई केली आणि १५ फेब्रुवारी २००६ रोजी फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी ती परत बोलावली. श्रीमंत देशाचा विषारी कचरा आपल्या मजुरांच्या फुप्फुसांत जाण्यापासून वाचला. त्या वेळी आंदोलक परदेशी होते, म्हणून नौका आत घेणे शहाणपणाचे ठरले असते काय?

म्हणून कसोटी एकच असावी: सांगितले जाते ते खरे आहे काय आणि त्यात आपल्या माणसाचे हित आहे काय? ही कसोटी लावण्यासाठी स्वतःचे ज्ञान लागते. ते नसेल तर दोनच पर्याय उरतात. मान तुकवणे किंवा आरडाओरडा करणे. दोन्हींत राष्ट्राचा मान वाढत नाही.

काम गावापासून

हे सारे काम सरकारचे आणि शास्त्रज्ञांचे, असे म्हणून समाजाला मोकळे होता येणार नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोकांच्या साहाय्याने स्थानिक नोंदवही तयार करावी, अशी तरतूद केली. गावात कोणती झाडे आहेत, कोणत्या वनस्पतींचा औषधी उपयोग वैदू जाणतात, कोणत्या ओढ्यात कोणते मासे मिळत आणि आता मिळत नाहीत, हे सर्व त्यात यावे. ही कल्पना रुजवण्यात ज्येष्ठ परिसरशास्त्रज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा आहे. प्रत्यक्षात काय झाले? राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर अनेक ठिकाणी घाईने वह्या भरल्या गेल्या आणि कपाटात गेल्या.

आपल्या गावची अशी नोंदवही कोठे आहे, ती कोणी भरली आणि तिच्यात देवराईचा, तळ्याचा, ओढ्याचा उल्लेख आहे काय, एवढी चौकशी करणे प्रत्येक कार्यकर्त्याला शक्य आहे. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून दहा वर्षे न चुकता नोंद ठेवणे एखाद्या शिक्षकाला शक्य आहे. विहिरींची पातळी उन्हाळ्या-पावसाळ्यात मोजणे तरुण मंडळांना शक्य आहे. नदीकाठच्या कारखान्याचे पाणी दर महिन्याला बाटलीत भरून तपासून घेणे शहरातील सुशिक्षित कुटुंबांना शक्य आहे. ही कामे प्रसिद्धीची नाहीत. त्यांत मिरवणूक नाही, सत्कार नाही. पण उद्या कोणी दूरदेशी बसून या गावाचा निवाडा करू लागला, तर त्याच्यापुढे ठेवण्यासाठी एक वही असेल. आणि आपलेच शासन चुकत असेल, तर त्याच्यापुढेही तीच वही ठेवता येईल.

डॉ. मित्रा यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये खाचरात पेट्या ठेवल्या, तेव्हा त्यांनी कोणाविरुद्ध घोषणा दिली नव्हती. त्यांनी मोजले, लिहिले आणि जगापुढे मांडले. भात लावणाऱ्या कोट्यवधी हातांवरचा आरोप त्याने नऊपटींनी हलका झाला. येत्या पावसाळ्यात आपापल्या गावी परतल्यावर अशा एका तरी मोजणीस आरंभ व्हावा, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.